अमेरिकेत घरून ऑनलाइन विकताय? सेल्स टॅक्सचा हिशेब असा लावा

पितळी समया, कुर्ते, कंदील, चिक्की, काहीही असो. स्वतःच्या वेबसाइटवरून अमेरिकेत विकायला लागलं की पहिल्या पाच-दहा ऑर्डरींतच प्रश्न पडतो: ग्राहकाकडून टॅक्स घ्यायचा का, किती, आणि घेतलेला भरायचा कुठे? जीएसटीची सवय इथे उपयोगी पडत नाही. अमेरिकेत केंद्राचा विक्रीकरच नाही. ४५ राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी आपापला सेल्स टॅक्स लावतात, आणि बऱ्याच ठिकाणी काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग), शहर, अगदी बस-रेल्वेचा जिल्हासुद्धा त्यात आपला वाटा घालतो. ओरेगन, मॉन्टाना, न्यू हॅम्पशर आणि डेलावेअरमध्ये हा कर नाही. अलास्कातही राज्याचा नाही, पण तिथल्या काही गावांचा आहे.

बहुतेक जण आधी दर शोधायला बसतात. दर हा तिसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की त्या राज्याला तुमच्याकडून कर गोळा करून घेण्याचा हक्क आहे का. दुसरा, तुमच्या वस्तूवर तिथे कर लागतो का. पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं तर तुमच्यापुरतं पुढचं गणित करायची गरजच उरत नाही.

आधी नेक्सस तपासा

राज्याशी असलेल्या या संबंधाला नेक्सस म्हणतात. १९९२च्या क्विल खटल्यापासून नियम असा होता की राज्यात तुमचं दुकान, गोदाम किंवा माणूस असेल तरच तिथला कर गोळा करायचा. २१ जून २०१८ रोजी साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो नियम मोडीत काढला. तेव्हापासून राज्यात पाऊल न टाकता, नुसत्या विक्रीच्या आकड्यावरही नेक्सस तयार होतो. सेल्स टॅक्स असलेल्या सगळ्या राज्यांनी तसे कायदे केले. शेवटचं मिसुरी, १ जानेवारी २०२३ पासून.

म्हणून दोन याद्या करा. पहिली यादी प्रत्यक्ष हजेरीची: तुम्ही राहता ते राज्य, तिथल्या घरच्या गॅरेजातला माल, दुसऱ्या राज्यातून काम करणारा कर्मचारी, आणि अ‍ॅमेझॉनच्या गोदामांत ठेवलेला माल. शेवटची गोष्ट हमखास निसटते. अ‍ॅमेझॉन तुमचा माल स्वतःच्या सोयीने दुसऱ्या राज्यातल्या गोदामात हलवतं. अ‍ॅमेझॉनवरच्या विक्रीचा कर ते स्वतः भरतं, पण त्या राज्यात तुमच्या वेबसाइटवरून गेलेल्या ऑर्डरींचा कर पहिल्या डॉलरपासून तुमच्या गळ्यात येतो. विक्रेत्याच्या खात्यात साठ्याचा अहवाल मिळतो, तो दर तिमाहीला उतरवून राज्यांची नावं बघा.

दुसरी यादी आकड्यांची. बऱ्याच राज्यांत मर्यादा वर्षाला १ लाख डॉलरची आहे. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये ती ५ लाख. न्यूयॉर्कमध्ये ५ लाख डॉलर आणि शिवाय १००हून जास्त विक्री-व्यवहार, दोन्ही एकदम झाले तरच. 'वर्ष' कुठलं तेही सारखं नाही: कॅलिफोर्निया चालू किंवा मागचं कॅलेंडर वर्ष बघतं, टेक्सास मागचे १२ महिने, न्यूयॉर्क आपल्या मागच्या चार तिमाह्या. टेक्सासमध्ये करमाफ मालाची विक्रीही या बेरजेत धरतात.

काही राज्यांत '१ लाख डॉलर किंवा २०० ऑर्डरी' अशी जोडअट अजून आहे. लहान विक्रेत्याला सगळ्यात जास्त नडते ती हीच. २० डॉलरची चिक्की २०० जणांना पाठवली की विक्री झाली जेमतेम ४,००० डॉलर, आणि नोंदणी मात्र करावीच लागते. ज्या साउथ डकोटाने खटला जिंकला त्यानेच ही २०० ची अट १ जुलै २०२३ पासून काढून टाकली. इतरही काही राज्यांनी काढली, म्हणून जुनी यादी वापरू नका. राज्याच्या महसूल खात्याचं पान दर जानेवारी आणि जुलैमध्ये बघा, बदल बहुतेक या दोन महिन्यांतच लागू होतात.

पुण्याहून किंवा कोल्हापूरहून थेट पार्सल पाठवणाऱ्यांनाही आकड्यांचा हा नियम लागू आहे. भारत-अमेरिका करारातली दुहेरी करातून सूट प्राप्तिकरापुरती आहे, राज्यांच्या सेल्स टॅक्सला तिचा उपयोग नाही. आणि कस्टम्सचं आयात शुल्क वेगळं, त्याची यात गल्लत नको.

एट्सी, ईबे, अ‍ॅमेझॉन यांसारख्या मार्केटप्लेसवरच विकत असाल तर ओझं बरंच हलकं होतं, कारण कर कापून भरण्याची जबाबदारी कायद्यानेच त्यांच्यावर टाकली आहे. तरीही तुम्ही राहता त्या राज्यात नोंदणी लागते का ते बघा. शिवाय काही राज्यं मार्केटप्लेसवरची विक्रीही तुमच्या मर्यादेत मोजतात.

नोंदणी, आणि ती कधी करू नये

परमिट, म्हणजे कर गोळा करण्याचा राज्याचा परवाना, मिळाल्याशिवाय ग्राहकाकडून टॅक्स घेऊ नका. बिनपरमिटचा गोळा केलेला कर हा चुकवलेल्या करापेक्षा मोठा गुन्हा ठरू शकतो. न्यूयॉर्कमध्ये धंदा सुरू करण्याच्या किमान २० दिवस आधी 'सर्टिफिकेट ऑफ ऑथॉरिटी'साठी अर्ज करायचा असतो. टेक्सास आणि कॅलिफोर्नियात परमिटला फी नाही. अनेक राज्यांत एकदम नोंदणी हवी असेल तर 'स्ट्रीमलाइन्ड सेल्स टॅक्स' व्यवस्थेचा एकच अर्ज न्यू जर्सी, मिनेसोटा, ओहायो धरून २०हून जास्त राज्यांत चालतो. कॅलिफोर्निया, टेक्सास, न्यूयॉर्क त्यात नाहीत.

भीतीपोटी सगळीकडे नोंदणी करणं हा उलट्या टोकाचा घोळ. परमिट घेतलं की रिटर्न भरावंच लागतं, विक्री शून्य असली तरी. न्यूयॉर्कमध्ये शून्याचं रिटर्न उशिरा भरलं तरी ५० डॉलर दंड, टेक्सासमध्येही उशिराच्या प्रत्येक रिटर्नला ५० डॉलर. दहा राज्यांची हौस केली तर हा हिशेब कुठे जातो बघा.

आणि दोन-तीन वर्षं नेक्सस असूनही कर घेतला नसेल तर? घाईने परमिटचा अर्ज टाकू नका. अर्जात 'या राज्यात धंदा कधी सुरू केला' असा रकाना असतो. खरी तारीख लिहिली की मागची पूर्ण थकबाकी, व्याज, दंड समोर येतं. खोटी लिहायचा तर प्रश्नच नाही. रिटर्न कधी भरलंच नसेल तर मुदत संपल्याचा बचावही मिळत नाही. अशा वेळी आधी 'व्हॉलंटरी डिस्क्लोजर', म्हणजे स्वतःहून थकबाकी उघड करण्याचा, करार करतात: राज्य साधारण मागची तीन-चार वर्षंच बघतं आणि दंड बहुतेक माफ करतं. मल्टिस्टेट टॅक्स कमिशन या राज्यांच्या सामायिक संस्थेमार्फत अनेक राज्यांशी एकत्र बोलता येतं, तेही सुरुवातीला नाव न सांगता. एकदा नोंदणी झाली किंवा राज्याची नोटीस आली की ही वाट बहुधा बंद होते. इथे मात्र सीपीएची (अमेरिकेतल्या सीएची) फी वाचवू नका.

वस्तूवर कर आहे का, आणि किती

न्यू जर्सीत कपड्यांवर कर नाही, दागिन्यांवर आहे. एकाच पार्सलमधला कुर्ता करमुक्त आणि नथीवर ६.६२५ टक्के. न्यूयॉर्क शहरात ११० डॉलरच्या आतला कपडा करमुक्त, पण २५० डॉलरची शेरवानी गेली तर पूर्ण २५० वर कर. मॅसॅच्युसेट्समध्ये सूट १७५ डॉलरपर्यंत, आणि तिथे कर फक्त वरच्या ७५ वर. शिवाय न्यूयॉर्क राज्यातल्या काही काउंट्यांनी ११० डॉलरची सूट स्वीकारलेली नाही, तिथे स्थानिक वाटा लागतोच.

खाऊची गंमत आणखी वेगळी. स्ट्रीमलाइन्ड राज्यांच्या व्याख्येत ज्यात पीठ आहे ते 'कँडी' नव्हे. शेंगदाणा-गुळाची चिक्की कँडी ठरते आणि न्यू जर्सीत तिच्यावर कर लागतो. बेसनाचा लाडू त्यातून सुटतो, पण घटकांच्या यादीत पीठ म्हणून इंग्रजी शब्द छापलेला हवा. लेबलवर नुसतं 'बेसन' लिहून भागेल असं समजू नका.

दर ग्राहकाच्या पत्त्यावरून काढा, झिप कोडवरून नाही. एका झिपमध्ये शहराची हद्द संपून काउंटी सुरू होते आणि दर बदलतो. राज्यांच्या संकेतस्थळांवर पूर्ण पत्ता टाकून दर बघता येतो.

आता ८४ डॉलरची समई आणि १२ डॉलर पाठवणावळ घ्या. न्यूयॉर्क शहरात ८.८७५ टक्के, पाठवणावळीवरही: ९६ वर ८.५२ डॉलर. डॅलसमध्ये ८.२५ टक्क्यांनी ७.९२. न्यू जर्सीत ६.३६. कॅलिफोर्नियात कुरिअरची खरी पाठवणावळ बिलात वेगळी दाखवली तर तिच्यावर कर नाही, म्हणून ७.२५ टक्के या किमान दराच्या गावात फक्त ८४ वर ६.०९. 'फ्री शिपिंग' म्हणून ९६ ला विकली तर तीच समई ६.९६ चा कर खाते. बिलातली एक ओळ ८७ सेंट वाचवते.

वेबसाइटचं सॉफ्टवेअर हे दर आपोआप लावतं, पण ज्या राज्यांचं परमिट आहे तीच राज्यं तुम्ही चालू करायची. प्रत्येक वस्तूला योग्य वर्गही तुम्हीच द्यायचा. तो नाही दिला तर कुर्त्यावर न्यू जर्सीतही कर कापला जातो, आणि तो ग्राहकाला परत करावा लागतो नाहीतर राज्याला भरावा लागतो. स्वतःकडे ठेवता येत नाही.

भरणा

गोळा केलेला कर वेगळ्या बँक खात्यात टाका. कायद्याने तो राज्याचा पैसा आहे, तुमच्याकडे विश्वासाने ठेवलेला. तो खेळत्या भांडवलात वापरला आणि धंदा बसला तर एलएलसीची (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीची) ढाल चालत नाही, वसुली थेट मालकाकडून होते.

तारखा लिहून भिंतीवर लावा. न्यूयॉर्कच्या तिमाह्या मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि फेब्रुवारीअखेर संपतात, म्हणून रिटर्न २० जून, २० सप्टेंबर, २० डिसेंबर, २० मार्चला. टेक्सास आणि न्यू जर्सीच्या तिमाह्या कॅलेंडरप्रमाणे, मुदत पुढच्या महिन्याच्या २० तारखेची. कॅलिफोर्नियात पुढच्या महिन्याची अखेर. टेक्सास वेळेत भरणाऱ्याला अर्धा टक्का स्वतःकडे ठेवू देतं. रक्कम छोटी, पण सोडू नका.

तुमचा नेक्सस नसलेल्या राज्यातल्या ग्राहकाला बिनकराचं बिल गेलं म्हणजे कर माफ झाला असं नाही. तोच कर 'यूज टॅक्स' या नावाने ग्राहकाने स्वतः भरायचा असतो: न्यूयॉर्कच्या आयटी-२०१ फॉर्मवर ५९वी ओळ, कॅलिफोर्नियाच्या ५४० वर ९१वी. दोन्ही ओळी कोऱ्या सोडायच्या नसतात, देणं नसेल तर शून्य लिहायचं.

दुकान गुंडाळलं तर शेवटचं रिटर्न 'फायनल' अशी खूण करून भरा आणि परमिट रद्द करा, नाहीतर शून्याच्या रिटर्नचे दंड साचत राहतात. रीसेल सर्टिफिकेटवर, म्हणजे 'पुढे विकायला घेतो' या दाखल्यावर, बिनकराच्या घेतलेल्या समयांपैकी एखादी उरली आणि स्वतःच्या देवघरात लावली, तर तिच्या खरेदी किमतीवरचा यूज टॅक्स याच शेवटच्या रिटर्नमध्ये दाखवा.