न्यूयॉर्कला पोचायला नक्की किती तास? मावशीला समजावता समजावता लिहिलंय

भाचीचं तिकीट आलं, मुंबईहून रात्री 2 ला निघणार आणि सकाळी 8 ला न्यूयॉर्क, तारीख तीच. मावशी म्हणाली, अगं सहाच तास, एवढे तर नाशिकहून पुण्याला ट्रॅफिकमध्ये लागतात! तर हिशोब असा करायचा.

आधी अंतर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवू नका, तो नकाशा फसवतो. पोरांचा पृथ्वीगोल घ्या, दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरा, मग तोच दोरा विषुववृत्तावर ठेवून बघा, अख्खा वेढा म्हणजे साधारण 40,000 किमी. मुंबई–न्यूयॉर्कचा दोरा चक्क नॉर्वे-आइसलंडच्या बाजूने जातो, आम्ही सगळे बघतच राहिलो. अंतर येतं अंदाजे 12,500 किमी. गोल नसेल तर कम्प्युटरवर गुगल मॅप्स उघडून राइट क्लिक करून अंतर मोजायचा ऑप्शन आहे, पण दोऱ्याची मजा नाही त्यात.

आता त्याला 850 ने भागा, मोठं विमान वर गेलं की ताशी साधारण 850-900 ने जातं, आणि धावपट्टीपर्यंत सरकणं, चढणं-उतरणं याचा पाऊण तास वरून टाका. झाले साडेपंधरा तास. हा अंदाजच हां, कारण वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारं वाहतं त्यामुळे जाताना जास्त लागतं आणि येताना कमी, शिवाय 2025 च्या एप्रिलपासून आपल्या विमानांना पाकिस्तानवरून जाता येत नाही म्हणून वळसा पडतो तो वेगळाच.

मग ते 6 तास कुठून आले? तिकिटावर दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या घड्याळाच्या असतात. न्यूयॉर्क आपल्या मागे, उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा (ते लोक मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळ हलवतात). 6 अधिक साडेनऊ, साडेपंधरा. जुळलं ना!

आणि खरी गोची नाशिकपासूनच सुरू होते. विमान 15 तारखेला रात्री 2 ला म्हणजे घरातून 14 च्या संध्याकाळी निघायचं, यात भलेभले चुकतात, आमच्या शेजारचे काका पण चुकले होते, 15 ला दुपारी निवांत बॅग भरत बसलेले, फ्लाइट कधीच गेली होती. तीन तास आधी एअरपोर्टवर म्हणजे रात्री 11. मुंबई एअरपोर्ट 170 किमीच्या आसपास, चार तास धरा, पावसाळ्यात कसारा घाटात धुकं किंवा भिवंडीला ट्रकची रांग लागली तर पाच. मावशीने शेवटी सगळं कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं आणि विचारलं, मग जेवणाचा डबा सहाला द्यायचा का साडेपाचला? साडेपाचला दे म्हटलं.