गोव्यात बसून जावाचं वायांग कुलित यूट्यूबवर कसं बघायचं

पेडण्याकडे जत्रेत रात्रभर दशावतारी कालो बघणारे जे आहेत ना, त्यांनी वायांग कुलित एकदा तरी बघाच. इंडोनेशियात जावा बेटावर हा म्हशीच्या कातड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या पडद्यावर पाडायचा खेळ चालतो, कथा बहुतेक महाभारत नायतर रामायणातल्या, युनेस्कोने २००३ साली त्याला मान दिलाय, आणि आता गावातल्या लग्नकार्यातला खेळसुद्धा यूट्यूबवर लाईव्ह असतो.

जावाचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. तिकडे नऊच्या सुमारास सुरू होतो म्हणजे आपल्याकडे साडेसात, जेवणं व्हायच्या आधीच. सर्चमध्ये वायांग कुलित रोमन अक्षरांत टाईप करायचं आणि लाईव्हचा फिल्टर लावायचा. नेट स्लो असेल तर पिक्चर क्वालिटी कमी करा पण इयरफोन लावाच, कारण मागे गामेलानचा म्हणजे तिकडच्या वाद्यांचा अख्खा ताफा वाजत असतो, गोंग, केंदांग, रबाब, आणि सिंदेन म्हणजे गायिका, ते सगळं मोबाईलच्या स्पीकरवर मरतं.

आता महत्त्वाचं. पहिल्याच दिवशी सुरवातीपासून बघू नका. सुरवातीला राजदरबार असतो, लांबलचक बोलणी, तीपण जुन्या दरबारी जावानीजमध्ये, नवीन माणूस तिथेच कंटाळतो. गोरो-गोरो म्हणजे मधला विनोदी भाग, तिथपासून सुरू करा, तो मध्यरात्रीच्या आसपास येतो, आपल्याकडे साडेदहा-अकराला. तेव्हा समार आणि त्याची पोरं गारेंग, पेत्रुक, बागोंग पडद्यावर येतात. ही मंडळी व्यासांच्या महाभारतात नाहीतच, ही जावाचीच. समार दिसायला ढेरपोट्या म्हातारा नोकर, पण मुळात देव, शिवाचा म्हणजे तिकडच्या बतारा गुरूचा थोरला भाऊ! ही चौघं साध्या बोलीत आजच्या गोष्टींवर बोलतात, महागाई, निवडणूक, यजमानाची टिंगल, मधेच गाण्यांच्या फर्माईशी. भाषा कळली नाही तरी हशा कधी येतो ते कळतं, दशावतारातला आपला संकासूर बघायची सवय असलेल्याला तर लगेच.

नावं थोडी फिरलेली आहेत एवढं लक्षात ठेवा. भीम म्हणजे वेरकुदारा, युधिष्ठिर पुंतादेवा, द्रोण दुर्णा. द्रौपदी तिकडे एकट्या पुंतादेवाची बायको, आणि श्रीकांडी म्हणजे आपला शिखंडी, ती तिकडे चक्क अर्जुनाची धनुर्धर बायको. आधी धक्का बसतो पण असू दे, त्यांची कथा त्यांच्या पद्धतीने ऐका. घटोत्कच तर तिकडे मोठा हिरो, आकाशात उडतो, त्याचा प्रसंग आला की बाहुली कशी फिरवतात ते डोळे फाडून बघा.

बाहुल्या फिरवणारा, सगळ्यांचे आवाज काढणारा आणि वादकांना इशारे देणारा एकच माणूस असतो, दालांग, तोही सकाळपर्यंत न उठता. कॅमेरा बहुतेक वेळा त्याच्याच बाजूने असतो, त्यामुळे सावलीपेक्षा रंगवलेल्या बाहुल्या जास्त दिसतात. कोणाला बघावं विचाराल तर मी आधी जावातल्या योग्यकार्ता शहराचे दालांग 'की' सेनो नुग्रोहो सांगेन ('की' हा तिकडे दालांगच्या नावाआधी लावायचा मानाचा शब्द). त्यांचा बागोंग म्हणजे निव्वळ आनंद, आणि कोविडात खेळ बंद झाले तेव्हा थोडक्या वादकांना घेऊन त्यांनी छोटे ऑनलाईन खेळ केले. नोव्हेंबर २०२० मध्ये ते गेले, वय फक्त ४८, पण रेकॉर्डिंग भरपूर आहेत. वेगवान हाणामारी बघायची असेल तर 'की' मान्तेब सुदर्सोनो, तेही २०२१ मध्ये गेले.

लाईव्ह चॅटमध्ये लोक 'हादिर' म्हणजे हजर असं लिहून आपल्या गावाचं नाव टाकतात, तुम्हीपण गोवा टाका. 'न्यिमाक' म्हणजे लक्ष देऊन बघतोय, 'वकवकवक' म्हणजे हसतोय.

अख्खा खेळ बघायचा झाला तर देवा रुची हे लाकोन, म्हणजे आख्यान, निवडा. दुर्णा भीमाला अमृतासारखं पाणी शोधायला पाठवतो, भीम समुद्रात शिरतो, तिथे त्याला त्याच्याच सारखा दिसणारा बोटभर देव भेटतो आणि हा एवढा धिप्पाड भीम त्याच्या कानातून आत जातो. रेकॉर्डिंग सहा-सात तासांचं असेल, दोन-तीन रात्रींत वाटून घ्या, आणि कमेंट्स चाळा, गोरो-गोरो किती मिनिटाला आहे ते कोणीतरी लिहिलेलं सापडतं.