डिमेन्शिया झालेल्या आईवडिलांना वृद्धाश्रमात आणताय? या चुका टाळा

वर्धा जिल्ह्यातल्या एका वृद्धाश्रमात मी परिचारिका आहे. आमच्याकडे सगळ्यात जास्त गर्दी होते ती मे महिन्यात. पेरणी तोंडावर आलेली, घरातला प्रत्येक जण वावरात जाणार, मग बाबांकडे कोण पाहील? अडचण खरी असते, ती मी कधीच नाकारत नाही. पण त्या घाईतल्या चुका दरवर्षी त्याच, आणि भोगायचं त्यांनी, ज्यांना डिमेन्शियामुळे, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू जाण्याच्या आजारामुळे, धड सांगताही येत नाही.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे "दवाखान्यात दाखवून संध्याकाळी परत येऊ" असं सांगून आणणं.

दोन वर्षांपूर्वी यवतमाळकडचे एक आबाजी असेच आले. अख्खा जन्म शेतीत गेलेला माणूस. मुलगा आणि जावई घेऊन आले तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. फॉर्म भरला, पिशवी ठेवली आणि आबाजी संडासात गेलेले पाहून दोघं निघून गेले. निरोपाची रडारड नको म्हणून. आबाजींनी बाहेर येऊन आधी गाडी शोधली. मग डोक्याला दुपट्टा बांधून, पिशवी काखेत धरून फाटकाशी जाऊन उभे राहिले. "बैलं कोठ्यात बांधाचे हायेत, सांज झाली." रात्री दीडपर्यंत फाटकाची कडी हलवत होते. सलग तीन रात्री. चौथ्या दिवशी मी हात धुऊन दिले तेव्हा उजव्या हाताची बोटं सोलून निघालेली दिसली. पुढे महिनाभर गोळी दिली की थुंकायचे. काय घडलं ते या आजारात पुसलं जातं, पण फसवल्याची भीती आत राहते.

म्हणून खोटं नको आणि लांबण नको. "बाबा, आता इथं राहायचं आहे, मी रविवारी येतो," एवढं पुरे. आणि रविवारी या. या आजारात दिवस मावळायला लागला की घाबरेपणा, चिडचिड वाढते, त्यामुळे संध्याकाळी आणूच नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास असतो. पहाटेच निघा, दहाच्या आत पोहोचा आणि घरातल्या एकानं तरी दुपारच्या जेवणापर्यंत सोबत थांबा.

"बैलं कधीच विकले ना बाबा!" असं तो मुलगा फोनवर ओरडून सांगायचा. दर वेळी आबाजींना ती बातमी नवीन असायची, दर वेळी चेहरा पडायचा. आमच्या मावशी फाटकापाशी जाऊन विचारायच्या, "आबाजी, मारका कोणता होता?" "तांबडा." मग तांबड्यानं कोणाकोणाला शिंगावर घेतलं ते सांगत सांगत ते आपणहून पलंगापर्यंत यायचे.

दुसरी गोष्ट झोपेच्या गोळीची. प्रवासात त्रास नको म्हणून मेडिकलमधून गोळी आणून देतात आणि पेंगणारं माणूस आमच्या हवाली करतात. याचा मला मनापासून राग येतो. अशा गोळीनं डिमेन्शियाच्या माणसाचा गोंधळ आणखी वाढतो, तोल जातो. अनोळखी खोलीत रात्री लघवीला उठले आणि पडले, तर खुब्याचं हाड मोडतं. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय एकही गोळी नको. हेच लोक मग चौथ्या दिवशी विचारतात, "झाले का सेट?" नाही हो. माझ्या पाहण्यात महिना-दीड महिना सहज लागतो.

औषधं सुटी, पुडीत बांधून आणू नका. पाकिटं आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणा. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र पहिल्याच दिवशी आलं पाहिजे. नवी चादर, नवं ब्लँकेट घेऊ नका, घरची जुनी गोधडी आणा. कळकट असली तरी चालेल, तिला घरचा वास असतो. रात्री कोणत्या कुशीवरून उठतात, चहा किती गोड लागतो, कोणत्या नावानं हाक मारली की वळून पाहतात, हे कागदावर लिहून द्या.

आल्यावर एक-दोन दिवसांत एकदम बरळायला लागले, किंवा दिवसभर झोपूनच राहिले, तर "जागा मानवली नाही" म्हणून सोडून देऊ नका. म्हाताऱ्या माणसाला लघवीत जंतुसंसर्ग झाला, अंगात पाणी कमी पडलं किंवा पोट साफ झालं नाही तरी असं होतं, आणि प्रत्येक वेळी ताप येतोच असं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

अजून जागाच सापडली नसेल, तर ज्येष्ठांसाठीच्या 14567 या हेल्पलाइनवर विचारा.

भेटायला आलात की "मला ओळखलं का?" असं विचारू नका. परीक्षा घेतल्यासारखं होतं, आणि उत्तर आलं नाही की दोघंही रडतात. आपलं नाव आपणच सांगा. आबाजींचा मुलगा आता हिवाळ्यात सकाळी दहाला तुरीच्या हिरव्या शेंगा घेऊन येतो. दोघं ओट्यावर बसून सोलतात, फार बोलत नाहीत. जेवणाचं ताट आलं आणि आबाजींनी पहिला घास घेतला, की तो हळूच उठतो.