मानधनापासून कण्यापर्यंत : मुक्त लेखक आणि स्वप्रकाशकांनी या चुका टाळाव्यात

मराठीतील लेखनाचे बहुतेक व्यवहार फोनवर ठरतात. जून-जुलैमध्ये दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन येतो, विषय ठरतो, शब्दसंख्या ठरते, मजकूर देण्याची तारीखही ठरते. मानधनाचा आकडा मात्र दोन्ही बाजूंनी कोणी उच्चारत नाही, कारण विचारणे लेखकाला संकोचाचे वाटते आणि सांगणे संपादकाला अडचणीचे. अंक निघतो, त्याची एक प्रत घरी येते आणि मार्च उजाडला तरी मानधनाचा पत्ता नसतो. अशा वेळी लेखक संपादकावर रागावतो. पण कधी, किती आणि कशाबद्दल पैसे मिळणार होते हे सांगणारी एक ओळसुद्धा त्याच्याकडे नसते. दुसऱ्यांसाठी पानेच्या पाने लिहिणारा माणूस स्वतःच्या व्यवहाराचे अर्धे पानही लिहून ठेवत नाही, आणि पुढच्या बहुतेक तक्रारी तेथूनच सुरू होतात.

व्यवहार तोंडी ठेवणे

उपाय सोपा आहे. फोन संपल्यावर त्याच दिवशी संपादकांना किंवा ग्राहकाला एक साधा ईमेल पाठवावा : ‘आपल्या बोलण्यानुसार अमुक विषयावर अमुक शब्दांचा लेख अमुक तारखेला देत आहे. मानधन इतके रुपये असून ते प्रकाशनानंतर तीस दिवसांत मिळावे. दोनदा दुरुस्त्या करून देईन. हा लेख या अंकात एकदा छापण्यासाठी देत आहे.’ समोरच्याने ‘ठीक आहे’ एवढे उत्तर दिले तरी पुरते. माझ्या अनुभवात या ईमेलने कोणी दुखावले नाही. दोन कामे हातची गेली, पण ती तशीही फुकटच करावी लागली असती.

यातील शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार मुक्त लेखक हा आपल्या लेखनाचा पहिला मालक असतो; नोकरीचा भाग म्हणून लिहिणाऱ्याची गोष्ट वेगळी. हे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि लेखकाच्या सहीचा करार लागतो. म्हणून अंकाच्या श्रेयनामावलीखाली ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ असे छापल्याने तुमच्या कथेचे हक्क आपोआप कोणाकडे जात नाहीत. तुम्ही सही केली असेल तर मात्र प्रश्न निराळा, आणि कथास्पर्धेच्या प्रवेशअर्जावरील सही हीदेखील सहीच असते. त्यातील बारीक अक्षरांतला मजकूर वाचल्याशिवाय अर्ज पाठवू नये. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची मानतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानतो. त्यामुळे ‘कायमचे’, ‘जगभरातील’, ‘सर्व माध्यमांतील’ हे तीन शब्द करारात दिसले की थांबावे आणि त्यांचा मोबदला वेगळा मागावा.

वसुलीचा मार्ग माहीत नसणे

जाहिरात संस्था, कंपन्या आणि अनुवाद-संस्था यांच्याकडील थकबाकीसाठी एक साधन उपलब्ध असते, पण लेखक ते क्वचितच वापरतात. स्वतंत्रपणे लेखनसेवा देणारी व्यक्ती उद्यम पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करू शकते. त्यासाठी आधार आणि पॅन लागते, शुल्क काहीही नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार अशा नोंदणीकृत पुरवठादाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही लांब ठरवली तरी ४५ दिवसांच्या आत, द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. नोंदणी काम हाती घेण्यापूर्वीची असावी, थकबाकी झाल्यावर केलेली नव्हे. पाचशे रुपयांच्या मानधनासाठी कोणी अशा थकबाकीचे दावे ऐकणाऱ्या सरकारी परिषदेकडे अर्ज करणार नाही हे खरेच. परंतु बिलाच्या माथ्यावर उद्यम क्रमांक आणि तळाशी ४५ दिवसांची ओळ छापलेली असली की हिशेब विभाग त्या बिलाकडे निराळ्या नजरेने पाहतो.

अनुवादकांसाठी आणखी एक सूचना. दर प्रति शब्द ठरवताना शब्द मूळ मजकुराचे मोजायचे की मराठीचे, हे आधी ठरवावे. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच जोडून लिहितात; इंग्रजीत चार-पाच शब्द घेणारी गोष्ट आपण ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ अशी एकाच शब्दात सांगतो. मराठी शब्दांवर दर लावून घेणारा अनुवादक आपल्या भाषेच्या काटकसरीचा दंड स्वतः भरतो.

फाइल अक्षरजुळणीकाराकडेच राहू देणे

स्वप्रकाशनात सर्वाधिक नुकसान येथे होते आणि ते बहुधा पाच-सात वर्षांनी कळते. लेखक हल्ली युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या प्रमाण संकेतात, टंकलेखन करतो. अक्षरजुळणीकार तो मजकूर श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये बदलून घेतो, कारण त्याची पानांची मांडणी त्यात बसलेली असते. मग प्रुफे येतात. लेखक कागदावर शेकडो दुरुस्त्या करतो, परिच्छेद बदलतो, एखादे प्रकरण पुन्हा लिहितो, आणि त्या सर्व दुरुस्त्या अक्षरजुळणीकाराच्या संगणकावरील फाइलमध्ये होतात. म्हणजे पुस्तकाचा अंतिम मजकूर लेखकाकडे नसतोच. दुसरी आवृत्ती किंवा ई-पुस्तक काढायची वेळ येते तेव्हा ते दुकान बंद झालेले असते, किंवा फाइल मिळते पण तो फाँट नसलेल्या संगणकावर ती उघडली की रोमन चिन्हांचा खिचडा दिसतो. माझ्या पहिल्या पुस्तकाचे हेच झाले. छापील प्रतीवरून दोनशे पाने पुन्हा टंकलिखित करावी लागली.

जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधने आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. रफार, जोडाक्षरे आणि विशेषतः ‘ऱ्या’ येथे ती घसरतात. ‘आचाऱ्यांना’चे ‘आचार्यांना’ झाले की स्वयंपाक्याचे मानधन थेट गुरुजींच्या हाती पडते, आणि शुद्धलेखन तपासणारे कोणतेही साधन ही चूक दाखवत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच असतात.

म्हणून काम देतानाच तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : पानांच्या मांडणीची मूळ खुली फाइल, अंतिम मजकुराची युनिकोड प्रत आणि मुखपृष्ठाची थर असलेली (अक्षरे आणि चित्रे सुटी बदलता येतील अशी) फाइल लेखकाला मिळेल. शक्य असेल तर संपूर्ण मांडणीच युनिकोड फाँटमध्ये करून घ्यावी. आता त्यात पूर्वीइतकी अडचण राहिलेली नाही. प्रुफातील प्रत्येक दुरुस्ती स्वतःच्या फाइलमध्येही त्याच दिवशी करावी. हे कंटाळवाणे आहे, पण दोनशे पाने पुन्हा टंकलिखित करण्यापेक्षा कमी.

मुद्रितशोधन स्वतःच करणे ही याच टप्प्यावरील जोडचूक होय. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार असे अठरा नियम तोंडपाठ असलेल्या लेखकालाही स्वतःच्या मजकुरातील चूक दिसत नाही, कारण तो वाचत नसतो, आठवत असतो. मुद्रितशोधकाचे पैसे खर्चाच्या अंदाजात पहिल्या दिवसापासून धरावेत.

छपाईचा दर म्हणजेच खर्च समजणे

समजा, डेमी आकाराच्या १६० पानांच्या ३०० प्रतींसाठी मुद्रकाने प्रतीमागे ९० रुपये सांगितले, म्हणजे एकूण २७,००० रुपये. दुपटीहून थोडी अधिक म्हणून लेखक २०० रुपये किंमत छापतो आणि निश्चिंत होतो. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ यांचे १५,००० रुपये धरले की खर्च ४२,००० होतो, म्हणजे प्रतीमागे १४०. साठ प्रती भेट, अभिप्राय आणि पुरस्कारांच्या अर्जांसाठी जातात. उरलेल्या २४० प्रतींवर तोच खर्च विभागला की प्रत १७५ रुपयांना पडते. विक्रेत्याला ४० टक्के सूट दिली तर हाती येतात १२० रुपये. सर्व प्रती खपल्या तरी प्रत्येक प्रतीमागे ५५ रुपयांचा तोटा आहे, आणि पुस्तक जितके कमी खपेल तितका तो वाढेल. किंमत ठरवण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडावा आणि पुस्तक प्रामुख्याने थेट विकायचे की दुकानांतून, हेही त्याच वेळी ठरवावे.

पानांची संख्या सोळाच्या पटीत बसवावी. १६० पानांचे दहा फर्मे (एकत्र छापले जाणारे सोळा पानांचे गट) होतात. मनोगत आणखी पाच पाने वाढले की अकराव्या फर्म्याचा कागद लागतो आणि शेवटी कोरी पाने उरतात. कण्याची, म्हणजे पाने जेथे बांधली जातात त्या उभ्या कडेची, जाडी पाने आणि कागद निश्चित झाल्यावरच मोजावी. अंदाजाने केलेल्या मुखपृष्ठावर पुस्तकाचे नाव कण्यावरून घसरून मलपृष्ठाकडे झुकते.

पहिले पुस्तक असेल तर खिशात हात घालण्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पाहावी. तिच्यासाठी हस्तलिखित पाठवायचे असते, त्यामुळे पुस्तक छापून झाल्यावर तिची आठवण येऊन उपयोग नाही.

जे फुकट मिळते ते ‘पॅकेज’मध्ये विकत घेणे

स्वप्रकाशनाची ‘पॅकेज’ विकणाऱ्यांच्या यादीत आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, ठळकपणे दाखवलेला असतो. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो आणि लेखक स्वतःच्या नावाने अर्ज करू शकतो. आयएसबीएन घेतला म्हणजे स्वामित्वहक्क नोंदवला, असाही समज आढळतो, तो चुकीचा आहे. स्वामित्वहक्क लेखन पूर्ण होताच निर्माण होतो. नोंदणी ऐच्छिक असून वाद झाल्यास ती पुरावा म्हणून कामी येते. हस्तलिखित स्वतःलाच टपालाने पाठवून पाकीट न फोडता ठेवणे हा नोंदणीला पर्याय नाही.

अॅमेझॉनच्या किंडलसाठी ई-पुस्तक देताना ‘७० टक्के’ मानधनाच्या आकड्यापुढील अट वाचावी. भारतातील विक्रीवर तो दर मिळण्यासाठी अॅमेझॉनच्या केडीपी सिलेक्ट या योजनेत नाव घालावे लागते, आणि त्यात नाव घातले की ९० दिवस ते ई-पुस्तक अन्यत्र कोठेही देता येत नाही. क्रमशः प्रसिद्ध केलेली कादंबरी दुसऱ्या ठिकाणाहून न काढता येथे चढवणारे लेखक नकळत अटीचा भंग करतात.

दुसऱ्यांच्या ओळी गृहीत धरणे

प्रकरणाच्या आरंभी कवितेच्या चार ओळी घालण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ‘चार ओळींपर्यंत चालते’ असा कोणताही नियम कायद्यात नाही. समीक्षेसाठी वा परीक्षणासाठी केलेला वाजवी वापर वेगळा. सजावट म्हणून वापरलेल्या ओळींना परवानगी घेणेच योग्य. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे हक्क टिकतो. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कविता २०१७ पासून मुक्त आहेत. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, त्यांच्या ओळींसाठी २०५९ च्या अखेरपर्यंत परवानगी लागेल. व्हॉट्सअॅपवर पु. लं.च्या नावाने फिरणारे मजकूर तर उद्धृत करूच नयेत. त्यांतील कित्येक त्यांचे नसतात आणि ज्या अनामिकाचे असतात त्याचा हक्क मात्र असतो.

पुस्तक निघाल्यावरची विस्मरणे

टपालखात्याची रजिस्टर्ड बुकपोस्टची जुनी सवलत डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. मे २०२५ पासून पुस्तके पाठवण्याची ज्ञान पोस्ट ही सेवा सुरू आहे आणि तिचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून आहे. तिच्यासाठी पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव छापलेले असावे लागते, आणि हौशी स्वप्रकाशनात नेमके तेच पान रिकामे राहते.

त्या पानावर प्रकाशक म्हणून तुमचे नाव छापले की प्रकाशकाची कर्तव्येही तुमच्याकडे येतात. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशनापासून तीस दिवसांच्या आत प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कोनेमारा ग्रंथालय, दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय आणि मुंबईत एशियाटिक सोसायटीमधील मध्यवर्ती ग्रंथालय येथे पाठवायची असते. या चार प्रती प्रकाशन समारंभाच्या आदल्या दिवशीच बांधून बाजूला ठेवाव्यात. समारंभानंतर गठ्ठ्यात किती प्रती उरतील, हे कोणालाच सांगता येत नाही.