इटालियनमध्ये "तुला काय आवडतं?" कसं विचारायचं (खास सोलापूरकरांसाठी)

इटालियन शिकायला बसलात की आधी डोक्यातलं 'आय लाइक' बाजूला ठेवा. आवडीनिवडी सांगायची त्यांची पद्धत इंग्लिशपेक्षा आपल्या जवळची आहे आणि क्लासमध्ये हे कुणी सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. आपण म्हणतो मला पुस्तक आवडतं, मला पुस्तकं आवडतात, म्हणजे क्रियापद पुस्तकाकडे बघून बदलतं, माणसाकडे नाही. तिकडेही तेच, मी प्याचे इल लीब्रो, आणि पुस्तकं जास्त असली की मी प्याच्चोनो इ लीब्री. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल, आपल्याकडे अशी घरं कितीतरी आहेत, तर नाकु इष्टम, ननगे इष्ट, तिथंही सुरुवात 'मला'नेच होते. फक्त इटालियनचं मी म्हणजे आपलं 'मला' आणि ती म्हणजे 'तुला', एवढं पक्कं करा.

आता प्रश्न. ती प्याचे ला मूझिका? म्हणजे तुला म्युझिक आवडतं का. ती प्याच्चोनो ल्यी स्काक्की? बुद्धिबळ आवडतं का, कारण हा शब्द तिकडे अनेकवचनी आहे. वेगळी शब्दरचना लागत नाही, आवाज वर नेला की झाला प्रश्न. इल, ला, इ, ल्यी ही इंग्लिशमधल्या 'द'सारखी छोटी अक्षरं मात्र गाळू नका, मराठीत तसलं काही नसल्यामुळे आपल्याकडून तीच सुटतात. मोठ्या माणसाला किंवा अनोळखी माणसाला ती नाही, ले प्याचे म्हणायचं, आपण काका-काकूंना तू म्हणत नाही तसंच.

रिकाम्या वेळेबद्दल विचारायचं तर कोसा ती प्याचे फारे नेल तेम्पो लीबेरो? हे वाक्य पाठच करा. उत्तरात काम सांगायचं असेल तर क्रियापदाचं मूळ रूप लावा आणि कामं दोन असली तरी प्याचेच राहतं, मी प्याचे लेज्जेरे ए कुचिनारे, वाचायला आणि स्वयंपाक करायला आवडतं. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाला चक्कर मारता ना, मग मी प्याचे काम्मिनारे इन्तोर्नो आल लागो. गड्ड्याबद्दल सांगायचं तर ओन्यी जेन्नायो वादो आल्ला फ्येरा, दर जानेवारीत जत्रेला जातो. स्वतःच्या गावातली वाक्यं केली की लक्षात राहतात, पुस्तकातल्या रोमच्या वाक्यांचं तसं होत नाही.

खेळणं आणि वाजवणं इथेही मराठीच कामाला येते. जोको आ क्रिकेट, क्रिकेट खेळतो, पण सुओनो ला कितार्रा, गिटार वाजवतो. इंग्लिशवाले दोन्हीला प्ले म्हणून अडकतात, आपण अडकायचं कारण नाही.

समोरच्याने सांगितलं आणि तुम्हालाही तेच आवडत असेल तर आंके आ मे, मलापण. तो नोन मी प्याचे, म्हणजे मला आवडत नाही, म्हणाला आणि तुम्हालाही नको असेल तर नेआंके आ मे, मलापण नाही. त्याला आवडतं पण तुम्हाला आवडत नसेल तर आ मे नो, मला नाही. उलट विचारताना खूप जण ए तू? म्हणतात, जोको आ क्रिकेट नंतर ते बरोबर आहे, पण मी प्याचे नंतर ए आ ते? म्हणायचं, आपणसुद्धा तिथं 'आणि तुला?' म्हणतो, 'आणि तू?' नाही.

मी प्याची हे माणसाला जरा जपून म्हणा, त्याचा अर्थ तू मला आवडतेस किंवा आवडतोस असाच घेतला जातो, मराठीत घेतात तसा.

आणि आत्ताचा मूड विचारायचा असेल तर प्याचे नाही, वा लागतं. ती वा उन काफ्फे? म्हणजे आत्ता कॉफी घ्यायची का, आणि ती प्याचे इल काफ्फे? म्हणजे एरवी कॉफी आवडते का. पहिल्याला हो म्हणायचं तर सी, वोलेन्त्येरी, म्हणजे हो, आनंदाने, आणि मग निघायचंच.