बंद होणाऱ्या दुकानातला सेल : अमेरिकेत नव्याने घर मांडणाऱ्यांसाठी

अमेरिकेत नव्याने आलेल्या आपल्या कुटुंबांना पहिल्या वर्षभरात ज्या खर्चाचा खर्च म्हणून अंदाजच येत नाही, तो म्हणजे बंद पडणाऱ्या दुकानांतून केलेली खरेदी. एखाद्या मोठ्या साखळीची दुकाने बंद होणार असे जाहीर झाले की ती बातमी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर त्याच दिवशी पोहोचते, शनिवारी चार गाड्या भरून माणसे तिकडे जातात आणि रविवारी कोणी किती टक्क्यांत काय मिळवले याची चर्चा होते. त्यांतील बऱ्याच वस्तू त्याच आठवड्यात रस्त्यापलीकडच्या चालू दुकानात तेवढ्याच किंवा कमी पैशांत आणि परत करण्याच्या सोयीसह मिळत होत्या, हे कोणी पडताळून पाहत नाही. नव्याने येणाऱ्या प्रत्येक तुकडीच्या बाबतीत मी हे पाहत आलो आहे. येथे पंधरा-वीस वर्षे राहिलेल्या मंडळींनी नवख्यांना सावध करायला हवे. प्रत्यक्षात तेच असे निरोप उत्साहाने पुढे पाठवतात, याचे मला वाईट वाटते.

या गोंधळाचे मूळ आपल्या एका जुन्या सवयीत आहे. भारतात वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापणे कायद्याने बंधनकारक आहे, तीत सर्व कर धरलेले असतात आणि त्यापेक्षा जास्त पैसे मागणाऱ्या दुकानदाराची तक्रार करता येते. त्यामुळे छापील किमतीवर मिळालेली सूट ही खरीच सूट, असे आपण गृहीत धरतो. अमेरिकेत अशी कमाल किंमत अस्तित्वातच नाही. चिठ्ठीवर फुली मारलेली ‘मूळ किंमत’ ही उत्पादकाने सुचवलेली किंवा दुकानाने स्वतः ठरवलेली असते आणि त्या किमतीला ती वस्तू बहुतेकांनी कधी विकत घेतलेली नसते. फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकी सरकारच्या व्यापार-नियामक संस्थेच्या मार्गदर्शक नियमांनुसार, आधीची किंमत म्हणून दाखवलेला आकडा असा हवा की त्या किमतीला ती वस्तू पुरेशा काळासाठी, उघडपणे आणि प्रामाणिकपणे विक्रीला ठेवलेली होती. पण कोणी अधिकारी दुकानोदुकानी फिरून चिठ्ठ्या तपासत नाही. या देशातल्या ग्राहकालाही फुली मारलेल्या किमतीची सवय जडलेली आहे. जेसी पेनी या जुन्या साखळीने २०१२ मध्ये कूपने आणि सततचे सेल बंद करून रोजच्याच किमती खाली आणल्या, तेव्हा त्या वर्षी तिची विक्री जवळजवळ एक चतुर्थांशाने घसरली आणि एप्रिल २०१३ मध्ये तो निर्णय घेणाऱ्या मुख्य अधिकाऱ्याला पद सोडावे लागले. तेव्हा ‘साठ टक्के सूट’ असे वाचल्यावर ‘कशावर साठ टक्के’ हा प्रश्न विचारल्याशिवाय पाकिटाला हात लावू नका.

आता दुकानबंदीचा सेल चालतो कसा, हे नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे यावर अवलंबून आहे. कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दुकाने बंद करायचे ठरले की शिल्लक माल विकण्याचे काम बहुधा लिक्विडेटर म्हणवणाऱ्या वेगळ्या कंपनीकडे जाते. गॉर्डन ब्रदर्स, हिल्को ही या धंद्यातली मोठी नावे आहेत. हा लिक्विडेटर एक तर मालाच्या किमतीच्या ठरावीक टक्क्यांची हमी आधीच देतो किंवा विक्रीवर मेहनताना घेतो. दोन्ही प्रकारांत प्रत्येक वस्तूतून शक्य तेवढा जास्त पैसा काढणे हेच त्याचे काम असते आणि तो पैसा धनकोंना जातो. चालू दुकानाला तुम्ही पुढच्या महिन्यात परत यावे असे वाटत असते, म्हणून ते पडते घेते, वस्तू बदलून देते, दुसऱ्या दुकानाच्या किमतीशी बरोबरी करते. लिक्विडेटरला तुमची पुन्हा गाठ पडणार नसते. पाटी तीच, कपाटे तीच आणि बरेचदा कर्मचारीही तेच असल्यामुळे दुकानदार बदलला आहे हे लक्षातच येत नाही.

अशा विक्रीत पहिल्या आठवड्यात पुष्कळदा किमती खाली येण्याऐवजी वर जातात. दुकानाचे चालू असलेले सेल, कूपने आणि सभासदांच्या सवलती रद्द होतात, वस्तू पुन्हा पूर्ण छापील किमतीला आणली जाते आणि मग तिच्यावर दहा, वीस किंवा तीस टक्के सूट लावली जाते. बेड बाथ अँड बियाँड या घरगुती वस्तूंच्या साखळीचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. त्या दुकानाचे २० टक्क्यांचे निळे कूपन इतके सर्रास मिळे की पूर्ण किमतीला तेथे खरेदी करणारा माणूस विरळा. कंपनीने २३ एप्रिल २०२३ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २६ एप्रिलपासून कूपने घेणे थांबवले. म्हणजे त्यानंतरच्या दहा टक्क्यांच्या फलकाखाली रांगेत उभी राहिलेली माणसे आदल्या आठवड्यात कूपनावर मिळणाऱ्या किमतीपेक्षा जास्त पैसे मोजत होती. चौकात हातात फलक घेऊन दिवसभर उभी केलेली माणसे त्या पहिल्या आठवड्यांतही दिसतात आणि त्यांच्या फलकावर ‘पर्यंत’ हा शब्द सर्वांत लहान अक्षरांत असतो.

सूट पुढे दर एक-दोन आठवड्यांनी वाढत जाते आणि साधारण दोन-तीन महिन्यांत दुकान रिकामे होते. पन्नास-साठ टक्क्यांच्या टप्प्यावर काही वस्तू खरोखर स्वस्त होतात, मात्र तोवर चांगल्या मापांचे कपडे, नावाजलेली भांडी आणि मागणी असलेली यंत्रे उचलली गेलेली असतात. शिवाय लिक्विडेटरच्या करारात बाहेरचा माल आणून त्याच सेलमध्ये विकण्याची मुभा अनेकदा असते. त्या दुकानात पूर्वी कधीच नसलेली अनोळखी नावाची चादर किंवा दागिने अचानक ढिगाने दिसू लागले, तर तो माल या सेलसाठीच आलेला आहे असे समजा. त्याची मूळ किंमत पडताळण्याचा कोणताही मार्ग तुमच्याकडे नसतो.

यावरचा उपाय साधा आहे. वस्तूवरचा मॉडेल क्रमांक फोनवर टाकून इतर दोन दुकानांत तिची आजची किंमत पाहा आणि त्या किमतीशीच तुलना करा. फलकावरच्या टक्केवारीकडे पाहू नका. चाळीस टक्क्यांवर ‘आणखी वीस टक्के’ असतील तर ते साठ होत नाहीत, बावन्न होतात. बहुतेक राज्यांत शेवटी सेल्स टॅक्स वेगळा लागतो, तोही हिशेबात धरा.

यापुढची सूचना मी पुन्हा पुन्हा करणार आहे, कारण हिच्यात लोकांचे सर्वांत जास्त पैसे बुडतात. बंद होणाऱ्या किंवा बंद होईल अशी कुणकुण लागलेल्या दुकानात, जी वस्तू डोळ्यांसमोर नाही आणि त्याच दिवशी गाडीत घालून नेता येत नाही, तिच्यासाठी एक डॉलरही आगाऊ देऊ नका. फर्निचरच्या बाबतीत हे सतत घडते. नवे अपार्टमेंट भाड्याने घेतलेले जोडपे सोफा आणि जेवणाचे टेबल पसंत करते, दुकानातला नग नमुन्याचा असतो, माल सहा-आठ आठवड्यांत येईल असे सांगितले जाते आणि सूट हवी असेल तर पूर्ण रक्कम आजच भरा, असा आग्रह होतो. दुकानाने मधल्या काळात दिवाळखोरीसाठी न्यायालयात धाव घेतली की ते जोडपे त्या कंपनीचे धनको बनते. बँका आणि तारण असलेले सावकार आधी, पुरवठादार आणि ग्राहक नंतर, अशा रांगेत त्याला उभे राहावे लागते आणि शेवटी हातात काय पडेल याची शाश्वती राहत नाही. माझ्या ओळखीच्या एका तरुण दांपत्याची पहिल्या वर्षाची बरीचशी शिल्लक अशी गेली आणि कित्येक महिने त्यांनी जमिनीवर गादी टाकून दिवस काढले. विक्रेता कितीही आर्जवाने बोलला, पावतीवर कितीही शिक्के असले, तरी ऑर्डरवरचा माल घेऊ नका. डिलिव्हरी हवीच असेल तर ती चालू आणि सुस्थितीतल्या दुकानाकडून घ्या, मग चार पैसे जास्त पडले तरी चालतील.

गिफ्ट कार्डही याच प्रकारात मोडते, कारण तेही आगाऊ दिलेले पैसेच असतात. बारशाला, मुंजीला, वाढदिवसाला गिफ्ट कार्ड देण्याची पद्धत आता आपल्याकडेही रुळली आहे आणि ती कार्डे अनेक घरांत वर्षानुवर्षे पडून राहतात. शार्पर इमेज या आधुनिक उपकरणांच्या साखळीने फेब्रुवारी २००८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केल्यावर कार्डे घेणे थांबवले आणि नंतर घेतली तीही कार्डावरील रकमेच्या दुप्पट खरेदी करणाऱ्यांकडूनच. टॉइज आर अस या खेळण्यांच्या साखळीने मार्च २०१८ मध्ये दुकाने बंद करण्याचे जाहीर केले तेव्हा कार्डांसाठी साधारण महिनाभर दिला. बेड बाथ अँड बियाँडची मुदत ८ मे २०२३ रोजी, म्हणजे अर्जानंतर पंधरवड्यातच संपली. म्हणून दुकानाच्या अडचणींची बातमी वाचल्या दिवशीच कार्ड खर्च करून टाका. ‘सेल आणखी वाढला की वापरू’ असे म्हणत थांबू नका.

दुकानबंदीच्या विक्रीतील माल परत घेतला जात नाही आणि तसे फलकावर लिहिलेले असते. येथे नव्वद दिवसांत काहीही परत करता येते असे ऐकून आलेल्या नवख्यांना याचे गांभीर्य कळत नाही. विजेवर चालणारी वस्तू दुकानातच खोक्यातून काढून लावून पाहा, सुटे भाग मोजून घ्या आणि उत्पादकाची वॉरंटी दुकानाशिवाय चालते का ते वाचा. बहुधा ती चालते. लहान मुलांचे पाळणे, गाडीतील आसने यांच्या बाबतीत ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षेचा आयोग (CPSC) आणि महामार्ग सुरक्षा विभाग (NHTSA) यांच्या संकेतस्थळांवर परत मागवलेल्या मॉडेलांची यादी असते, ती पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि भारतातल्या आईवडिलांसाठी येथून मिक्सर, कॉफी यंत्र किंवा इस्त्री उचलू नका. येथे वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची आहे, भारतात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. मोठ्या मोटरची किंवा तापणारी यंत्रे तेथे जळतात आणि परत करायला तोवर दुकानही उरलेले नसते.

पैसे क्रेडिट कार्डाने द्या. फेअर क्रेडिट बिलिंग कायद्यानुसार न मिळालेल्या मालाबद्दल बिल निघाल्यापासून साठ दिवसांत कार्ड देणाऱ्या बँकेकडे लेखी हरकत घेता येते. डेबिट कार्डाला आणि रोखीला हे संरक्षण नाही. कार्ड मिळायला नवख्यांना वेळ लागतो, हे मान्य आहे. तोवर अशा दुकानांत मोठी खरेदी करू नका. गल्ल्यावर पुढे केले जाणारे दुकानाचे स्वतःचे कार्ड मात्र घेऊ नका, कारण त्याचा व्याजदर ३० टक्क्यांच्या आसपास असतो आणि ‘बारा महिने बिनव्याजी’ असे म्हटलेल्या योजनेत शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण रक्कम फिटली नाही तर पहिल्या दिवसापासूनचे व्याज लागते.

चालू दुकानातला हंगामाच्या अखेरचा क्लिअरन्स ही याहून अगदी वेगळी गोष्ट आहे आणि नवख्यांनी आपले घर त्यावर उभे करावे असे मला मनापासून वाटते. तेथे दुकानाला जागा मोकळी करायची असते, म्हणून ते खरोखर किंमत पाडते आणि क्लिअरन्सचा माल परत घेण्याची सोयही पुष्कळ ठिकाणी राहते. थंडीचे जाड कोट जानेवारी-फेब्रुवारीत, अंगणातले फर्निचर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, शाळेच्या वह्या आणि दप्तरे शाळा सुरू झाल्यावर, दिव्यांच्या माळा नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून स्वस्त होतात. चादरी आणि टॉवेल जानेवारीत घेण्याची येथली प्रथा फिलाडेल्फियाच्या जॉन वानामेकर यांनी १८७८ मध्ये सुरू केली आणि ती अजून चालू आहे. दिवाळीसाठी लागणाऱ्या माळा आदल्या डिसेंबरात घेऊन ठेवणारी कुटुंबे मला शहाणी वाटतात. ऑगस्टमध्ये आलेल्या विद्यार्थ्याला मात्र पहिला कोट पूर्ण किमतीला घ्यावाच लागेल, तो त्याने बिनतक्रार घ्यावा. थंडीत सेलची वाट पाहत बसू नये.

इंटरनेटवर दिसणाऱ्या दुकानबंदीच्या जाहिरातींपासून पूर्ण दूर राहा. एखादी साखळी बंद होत असल्याची बातमी आली की तिच्या नावाची आणि तिच्यासारखी दिसणारी बनावट संकेतस्थळे उभी राहतात, ऐंशी-नव्वद टक्के सूट दाखवतात आणि कार्डाचा क्रमांक घेऊन नाहीशी होतात. २०२५ मध्ये जोअ‍ॅन या कापड-शिवणाच्या साखळीच्या नावाने असे प्रकार झाले. खऱ्या कंपनीचे नावही विकले जाते. बेड बाथ अँड बियाँडचे नाव २०२३ मध्ये ओव्हरस्टॉक या इंटरनेटवरच्या दुकानाने २ कोटी १५ लाख डॉलरला घेतले, जोअ‍ॅनचे २०२५ मध्ये मायकल्स या हस्तकला-साहित्याच्या साखळीने. नव्या मालकाकडे जुने गिफ्ट कार्ड किंवा जुनी पावती घेऊन गेल्यास उपयोग होत नाही.

एवढे सगळे सांगूनही अशा दुकानात जाण्यासारखे काही उरते ते शेवटच्या दोन आठवड्यांत. सुती कापड, लोकर, भेटवस्तूंचे कागद, साधी काचेची भांडी, मुलांचे पुढच्या वर्षीच्या मापाचे कपडे यांत बिघडण्यासारखे काही नसते आणि सत्तर-ऐंशी टक्क्यांना ती खरोखर स्वस्त पडतात. त्याच सुमारास दुकानाची स्वतःची सामग्रीही विकायला काढतात. लोखंडी मांडण्या, कपड्यांचे हँगर, चाकाच्या गाड्या, आरसे यांचे भाव व्यवस्थापकाशी बोलून ठरतात आणि येथे घासाघीस चालते. ज्यांना गॅरेजात किंवा मंडळाच्या भांडारात मांडण्या हव्या आहेत त्यांनी पहिल्याच फेरीत व्यवस्थापकाकडे नाव नोंदवून ठेवावे, कोणत्या तारखेला उचलायचे ते लेखी घ्यावे, आणि मांडणी सुटी करण्याची हत्यारे व मोठी गाडी स्वतः घेऊन जावे, कारण ती सुटी करून देणारे कोणी तेथे नसते.