लातूरच्या उन्हाळ्यात खाऱ्या पाण्याची टाकी

मे महिन्यात आमच्या लातूरच्या घरातल्या 400 लिटरच्या, समुद्री मासे-प्रवाळांच्या खाऱ्या टाकीचं पाणी 31 अंशांवर गेलं. क्लाउनफिश वर येऊन धापा टाकू लागले. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. चिलर (पाणी गार करणारं यंत्र) परवडत नव्हता. मग माठ आठवला. आपल्याकडची हवा कोरडी, म्हणून बाष्पीभवनानं पाणी छान गार होतं. काचेचं झाकण काढून जाळी टाकली (हे मासे उडी मारतात), पाण्यावर तिरके दोन छोटे पंखे लावले. दुसऱ्या दिवशी 27 अंश!

पण खरी चूक पुढं झाली. रोज पाच-सहा लिटर पाणी उडायचं आणि मी भर घालायचो ती मीठ कालवलेल्या पाण्याची. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागंच राहतं. घनता (गोड्या पाण्याच्या तुलनेत; यावरून खारेपणा कळतो) 1.025 वरून 1.030 झाली, प्रवाळ मिटून बसले. जीव कासावीस झाला. तेव्हापासून भर फक्त आरओच्या गोड्या पाण्याची, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्याजवळ असलेल्या. बोअरचं जड पाणी तर अजिबात नाही. घनताही रोज 0.001 इतकीच उतरवली, कारण एकदम बदल झाला तर कोळंबी आधी मरते. सहाव्या दिवशी प्रवाळ पुन्हा उमलले. आता वीज गेली तर म्हणून बॅटरीवरचा एअर पंपही शेजारी ठेवलाय.